आठ देशांची यादी अर्धी कर, मग बोलू

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातला सत्तावीस वर्षांचा मुलगा, पुण्यात सहा वर्षं नोकरी, गाठीला साडेचार लाख रुपये. दिवाळीनंतर राजीनामा देऊन सहा महिन्यांत नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया, इंडोनेशिया आणि श्रीलंका असं पाठीवर सॅक टाकून फिरायचं आहे. घर माळकरी, अंडंही चालत नाही. पैसे पुरतील का, व्हिसाचं कसं करायचं, खायचे हाल होतील का आणि घरी काय सांगू, असं विचारलंय.

भो, साडेचार लाख कमी नाहीत. यादी मोठी आहे.

मी भुसावळचा. वडील रेल्वेत होते, त्यामुळे हलत्या गाडीत झोपायची सवय पाळण्यापासूनची. आतापर्यंत तीन लांब फेऱ्या झाल्या: २०११ मध्ये सात महिने, २०१७ मध्ये पाच, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात निघून पुढच्या जूनपर्यंत आठ. पहिल्या वेळी मीही तुझ्यासारखीच यादी केली होती, सात महिन्यांत नऊ देश. परत आलो तेव्हा अकरा किलो वजन उतरलं होतं, आईने दारातच तोंडाला पदर लावला, आणि लोक विचारायचे "काय पाहिलं?" तर मला आधी बसस्टँडच आठवायचे. नऊ देशांचे बसस्टँड मी तुला आजही रेखाटून दाखवीन.

पैसा राहण्यात जात नाही, हलण्यात जातो. हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. नव्या गावात पहिला दिवस माणूस नेहमी महाग जगतो. स्टँडवरचा टुकटुकवाला सांगेल तो भाव, नकाशात पहिलं दिसेल ते हॉटेल, भूक लागली म्हणून समोरच्याच इंग्रजी मेन्यूच्या ठिकाणी जेवण. तिसऱ्या दिवशी कळतं की गल्लीच्या टोकाला एक बाई सकाळी निम्म्या भावात भात-भाजी विकते आणि मालकीण आठवड्याचं भाडं वेगळं लावते. पण तिसऱ्या दिवशी तू सॅक भरत असशील तर हे कळून उपयोग काय? माझ्या शेवटच्या फेरीची वही समोर आहे. लाओसमध्ये लुआंग प्रबांगला सलग नऊ दिवस राहिलो, एकूण खर्च १३,४०० रुपये. त्याच्या पुढच्या नऊ दिवसांत चार गावं केली, २७,८००. खाणं तेच, झोपणं तसंच डॉर्ममधलं.

म्हणून हिशोब असा धर. या भागात सावकाश फिरलास तर दिवसाला सरासरी २,००० रुपयांत राहणं, खाणं आणि गावोगावचा प्रवास बसतो. पाच महिने म्हणजे तीन लाख. विमानं, व्हिसे, विमा आणि लसी यांना ८०,००० बाजूला काढ. उरले ७०,०००. त्यांना हात लावायचा नाही. ते प्रवासाचे पैसे नाहीत, परत आल्यावर नोकरी लागेपर्यंत घरात ताठ मानेने बसता यावं म्हणून आहेत. सहा महिने आणि आठ देश म्हटलं की हेच ७०,००० आधी जातात, आणि मग माणूस चौथ्या महिन्यात मित्रांना "जरा पाठव ना" करायला लागतो.

आता यादी कापू. श्रीलंका काढ. तिथे नोकरी करतानाही दहा दिवसांच्या सुट्टीत जाता येतं. इंडोनेशिया काढ. सतरा हजारांवर बेटं असलेला देश तीन आठवड्यांत "करतो" म्हणणं म्हणजे जळगाव स्टेशनवर उतरून खान्देश पाहिला म्हणण्यासारखं. मलेशिया तळाला ठेव, परतीचं विमान स्वस्त मिळालं तर क्वालालंपूरला चार दिवस. राहिले नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, आणि जमलं तर कंबोडिया. कंबोडियाला "जमलं तर" का, तर २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई पेटली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. वर्षानुवर्षं बॅकपॅकरांची रांग ज्या पोइपेतच्या नाक्यावरून जायची तेच बंद. व्हिएतनामच्या बाजूने हो ची मिन्ह सिटीहून नॉम पेन्हला बसने जाता येतं, तेव्हा ते शेवटी ठेव आणि त्या वेळी काय परिस्थिती आहे ते बघून ठरव. सगळी तिकिटं आधी काढून बसणाऱ्यांचे अशा वेळी फार हाल होतात.

भुसावळहून थेट रस्त्याने बँकॉकला जाता येतं का, हेही लोक विचारतात. नकाशावर मणिपूरमधलं मोरे आणि पलीकडचं म्यानमारचं तमू अगदी लागून दिसतात. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये यादवी आहे. तो विचार सोड, मुंबईहून विमान धर. साडेचार तासांच्या आत बँकॉक येतं. आपल्याकडून मुंबई गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

नेपाळ मात्र यादीत सगळ्यात वर ठेव, आणि तेही रंगीत तालीम म्हणून. भुसावळला कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये बसायचं ते गोरखपूरला उतरायचं, तिथून सोनौलीचा नाका बसने दोन-तीन तास. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबू नकोस. भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशोब डोक्यात होतो. पहिले तीन आठवडे तिथे काढ. अन्नपूर्णा भागात ट्रेक करायचा तर परवान्याला सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, १,००० नेपाळी रुपये. काउंटरवर पासपोर्ट आधी दाखव. या तीन आठवड्यांत तुला कळेल की सॅकमधलं निम्मं सामान तू उघडलंच नाहीस. ते पोखऱ्याहून घरी पार्सल कर किंवा परतताना घरी टाक. दहाव्या दिवशी एकटं जेवायला बसल्यावर तुला कसं वाटतं तेही तिथेच कळेल. नाही झेपलं तर त्याच गाडीने परत. लाज कसली? थायलंडचं तिकीट तोवर काढलेलं नसेल, म्हणजे बुडालंही काही नाही.

ऋतूचं गणित साधं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तर थायलंड आणि लाओस. फेब्रुवारी संपता संपता तिथे शेतं आणि रानं पेटवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बांध जाळतात तेच, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर की चियांग माईत समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि घसा दिवसभर खवखवतो. त्याआधी व्हिएतनामकडे सरक. तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष २१ जानेवारीपासून २० फेब्रुवारीपर्यंत कधीतरी येतं. तेव्हा अख्खा देश गावी जातो, गाड्या भरलेल्या, दुकानं बंद. दिवाळीत पुण्याहून जळगावला यायची गाडी मिळते का तुला? तसंच. त्या आठवड्यात एका गावी मुक्काम ठोकून बस. हनोईला हिवाळ्यात चांगली थंडी असते, स्वेटर लागतो. आणि आपण पंचेचाळीस अंशांत वाढलो म्हणून बँकॉकचा उन्हाळा काहीच नाही असं समजू नकोस. आपलं ऊन कोरडं, भाजतं. तिथलं शिजवतं.

व्हिसा. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४ मध्ये ते ६० दिवस केले. मे २०२५ पासून विमानात बसण्याआधी डिजिटल आगमन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाथ दंड. लाओसचा नाक्यावर मिळतो, एक फोटो आणि करकरीत डॉलर जवळ ठेव. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. कंबोडियाचा ३० डॉलर. हे नियम सहा-सहा महिन्यांत फिरतात, माझ्या डोळ्यांदेखत फिरलेत. तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी त्या देशाचं सरकारी पान स्वतः उघडून वाचायचं. एजंटचं ऐकायचं नाही, माझंही नाही.

पण व्हिसात आपण मराठी माणसं जिथे हमखास अडकतो ती गोष्ट वेगळीच आहे: वडिलांचं नाव. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं जोडून छापलेली असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. शेवटच्या फेरीत मी व्हिएतनामच्या अर्जात सवयीने नुसतं माझं नाव आणि आडनाव टाकलं. कोणालाही सांगताना आपण असंच सांगतो ना. लाओसच्या राजधानीत, विएंतियानच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद शेजारी-शेजारी ठेवले, पेनाने एकेका शब्दावर टिचक्या मारत गेली आणि मधल्या नावावर थांबली. "हे कुठे आहे?" मी म्हटलं, ते माझ्या बापाचं नाव आहे. ती म्हणाली, मग बापाशिवाय जाता येणार नाही. मागची रांग हसली. तिचा विनोद खरं तर चांगला होता, पण विमान गेलं, तिकिटाचे नऊ हजार गेले आणि नवा व्हिसा येईपर्यंतचे दिवस मी मेकाँगच्या काठावर भाजलेला मका खात काढले. पासपोर्टवर आहे ते अक्षर न अक्षर उतरवून काढायचं. पासपोर्ट नवा काढणार असलास तर ६० पानांचा काढ, साध्यापेक्षा फी पाचशेच जास्त आहे, आणि मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी.

पैशांचं माझं शहाणपण २०१७ मधलं आहे. लुआंग प्रबांगला शुक्रवारी संध्याकाळी एटीएमने कार्ड गिळलं. बँक उघडणार सोमवारी. दुसरं कार्ड होतं, पण त्याचा परदेशातला वापर चालू करायचा राहिला होता, आणि चालू करायला ओटीपी. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर, तो नंबर मी "उगाच रिचार्ज कशाला" म्हणून मरू दिला होता. गेस्टहाउसच्या मालकिणीने तीन दिवस उधारीवर जेवू घातलं. वाणसामानाच्या वहीत जसं लिहितात तसं माझं नाव तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. तेव्हा दोन वेगळ्या बँकांची कार्डं घे आणि दोन वेगळ्या जागी ठेव. २०२० नंतरच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी वापर बंदच असतो, तो निघायच्या आधी ॲपमधून चालू कर. भारतातलं सिम फोनमध्ये जिवंत ठेव, रोमिंगवर संदेश येतात का ते नेपाळमध्येच तपासून घे. दोनशे डॉलर रोख सॅकच्या तळाशी. नोटा कोऱ्या हव्यात. कंबोडियात कोपरा फाटलेला डॉलर भाजीवालीही हातात धरत नाही. थायलंडमध्ये एटीएम दर खेपेला २२० बाथ किंवा त्याहून जास्त शुल्क कापतं, म्हणून थोडे-थोडे काढू नकोस.

आता खाण्याचं. माझ्या आजीने पहिल्या फेरीच्या आधी एकच प्रश्न विचारला होता: "तठे काय खाशी?" पासपोर्ट, पैसे, विमान, कशाचं तिला काही नव्हतं. आणि खरं सांगतो, शाकाहारी माणसाला तिथे हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण माशाच्या पाण्याची आहे. थायलंडमध्ये नाम प्ला, लाओसमध्ये पादेक, व्हिएतनाममध्ये न्योक माम. भाजीत, चटणीत, पपईच्या किसात, सगळीकडे. "मांस नको" म्हटलंस तरी ते पडतंच, त्यांच्या लेखी ते मीठच आहे.

थायलंडमध्ये "जे" हा शब्द पाठ कर. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते "जे" खाणं. त्यात मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासासारखंच झालं. व्हिएतनाममध्ये शब्द आहे "चाय". त्यांची लिपी रोमन असल्याने पाट्या वाचता येतात, आणि तिथेच मी फसलो. ह्युए शहरात पाटीवर चाय वाचून आत शिरलो, बसलो, दोन बोटांनी कपाची खूण केली. बाईने भात, परतलेली भेंडी, टोफू आणि कसल्याशा पानांचा सूप आणून ठेवला. मी पुन्हा कपाची खूण. तिने सूपाची वाटी पुढे सरकवली. चाय म्हणजे तिथे शाकाहारी. मग रोज तिथेच जेवलो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच बौद्ध लोक मांस सोडतात. त्या दिवशी एरवीच्या साध्या खानावळींतही चाय मिळतं. तू एकादशी धरणारा आहेस, तुला हे समजवावं लागणार नाही.

लाओसची एक गोष्ट मात्र सावकाश सांगतो. नोंग खिआव म्हणून नाम ऊ नदीकाठी गाव आहे, दोन्हीकडे उभे कातळ. मी राहत होतो त्या घराची म्हातारी संध्याकाळी कोळशाच्या शेगडीवर लांबट वांगी ठेवायची. साल काळी पडून तडकली की लसूण आणि मिरच्या त्याच निखाऱ्यांवर. मग ते सगळं मातीच्या उभ्या खलात घालून लाकडी मुसळीने ठोक-ठोक-ठोक. मी जिन्यावर बसून कपडे धूत होतो आणि तो वास आला. भो, डोळ्यांत पाणी आलं, धुराने नाही. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतात, तोच वास, तोच आवाज. तिथे त्याला चेओ म्हणतात, भाकरीऐवजी चिकट भाताचा गोळा बुडवून खातात. मी पुढे गेलो, पादेकच्या बरणीकडे बोट करून म्हटलं, "बो साय पादेक." घालू नका. तिने बरणी बाजूला ठेवली आणि नुसतं मीठ घातलं. मी मुसळी मागितली. आपल्यासारखं आडवं रगडायला लागलो तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली आणि सरळ खालीवर ठेचायचं दाखवलं. चव? लेवा पाटलांच्या लग्नातल्या भरताची सर नाही. कांद्याची पात नाही, तळलेले शेंगदाणे नाहीत. पण त्या म्हातारीकडे मी चार दिवसांसाठी गेलो होतो आणि सतरा दिवस राहिलो.

ते वाक्य लिहून घे, "बो साय पादेक". सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी अर्धा किलो ने, चिकट भाताला अप्रतिम लागते. दिवाळीनंतर निघतोयस तर आई अनारसे देईल. वाटेत सिंगापूर किंवा दुबईत उतरणार असशील तर अनारसे नेऊ नकोस, तिथे खसखशीवर बंदी आहे. आणि खिशात तंबाखूची पुडी ठेवायची सवय असेल तर ती भुसावळलाच सोड. सिंगापुरात खायच्या तंबाखूलाही बंदी आहे. थायलंडमध्ये वेप, म्हणजे ई-सिगारेट, चालत नाही.

दवाखान्याचं थोडक्यात. निघायच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून टायफॉईड, कावीळ ए आणि रेबीज यांच्या लसींचं विचार. देवळांतली माकडं आणि रस्त्यावरची कुत्री सगळ्या देशांत आपल्यासारखीच आहेत. चावलं-ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आधी लस घेतली असली तरी. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यू असेल तर दुसऱ्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. विमा घेच, आणि त्यात दुचाकीचं कलम वाच. ज्या देशात तुझा परवाना ग्राह्य नाही तिथे स्कूटर पडली तर विमा कंपनी हात वर करते. नेपाळ आणि थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. लाओस, व्हिएतनाम, कंबोडियात उजवीकडून. सातपुड्याचे घाट बुलेटवर केलेत म्हणून ते हाताला लगेच येत नाही. मी व्हिएतनाममध्ये स्कूटर घेतच नाही. हनोई ते हो ची मिन्ह सिटी १,७२६ किलोमीटरची रेल्वे आहे, तीस तासांहून जास्त लागतात, मध्ये चार ठिकाणी उतरत जा. खिडकीतून भातखाचरं आणि समुद्र. भुसावळच्या पोराला आणखी काय पाहिजे?

थायलंडमधून लाओसला जाताना विमान घेऊ नकोस. चियांग खोंगहून पलीकडे ह्वे सायला जायचं आणि तिथून मेकाँगमधून लाकडी लांब होडीने दोन दिवसांत लुआंग प्रबांग. रात्री होडी पाकबेंगला थांबते. लाकडी बाक टोचतात, इंजिनाजवळ बसलास तर कान बधिर होतात, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धर. लुआंग प्रबांग ते विएंतियान आता डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने दोन तासांत होतं. आधी बसने घाटातून अख्खा दिवस जायचा.

एका गोष्टीबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तिसऱ्या महिन्यात तुला या सगळ्याचा कंटाळा येईल. आजारी नसशील, पैसेही असतील, पण नवं देऊळ बघायला पाय उचलणार नाही. डॉर्ममध्ये कोणी "कुठून आलास" विचारलं की उत्तर द्यावंसं वाटणार नाही. मला हे ह्युएला झालं, सहा दिवस नुसती झिमझिम, मी पांघरूण घेऊन फोनवर क्रिकेट बघत पडलो होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो की एवढे पैसे घालून आपण हे करतोय. आता मला माहीत आहे की ते येतंच. त्याच्यासाठी वेळापत्रकात तीन आठवडे मोकळे सोड. स्वयंपाकघर असलेली खोली घे, बाजारातून भाजी आण, खिचडी टाक, तेच ते रस्ते फीर. दहा-बारा दिवसांत वारं सुटतं. आठ देशांच्या यादीत हे तीन आठवडे कुठून आणणार होतास?

एक धोका मात्र गंभीर आहे. पैसे संपत आले की समाजमाध्यमांवर "थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट, लाखभर पगार" अशा जाहिराती गोड वाटायला लागतात. तरुणांना बँकॉकला बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये किंवा कंबोडियात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. पर्यटक म्हणून आत गेलेल्या माणसाला कोणीही नोकरी देऊ केली तर तिथून उठायचं. मुंबईला इमिग्रेशनवाले एकट्या तरुण पोरांना जास्त प्रश्न विचारतात ते याचसाठी. परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचं बुकिंग आणि खात्याचा उतारा छापून हातात ठेव, चिडू नकोस.

राहिलं घर. तू लिहिलंयस की बाबा बोलत नाहीत. माझेही बोलत नव्हते. मला हे वेड लागलं तेच मुळात जळगाव स्टेशनवर, कॉलेजात असताना. अजिंठ्याला जायला उतरलेले परदेशी लोक पाठीवर घराएवढं ओझं घेऊन एसटी स्टँड विचारत फिरायचे, आणि मी तास बुडवून त्यांना फर्दापूरच्या गाडीत बसवून द्यायचो. बाबांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, ही कामधंदा नसलेली माणसं. मग मीच त्यांतला झालो.

समजूत घालायच्या भानगडीत पडू नकोस, कागद दे. पासपोर्टची प्रत, विम्याचा नंबर, त्या-त्या देशातल्या भारतीय दूतावासाचे फोन आणि कोणत्या महिन्यात कुठे, असं एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून घड्याळाखाली चिकटव. फोन रविवारी संध्याकाळी, ठरलेल्या वेळी. रोज करतो म्हणू नकोस. एक दिवस होडीत रेंज नसेल आणि इकडे आई देव पाण्यात घालून बसेल. राजीनाम्याची गोष्ट मात्र लपवू नकोस, चोपड्याला ती तुझ्याआधी पोहोचेल.

२०११ मध्ये मी निघालो तेव्हा महिनाभर अबोला होता. प्लॅटफॉर्मवर बाबा आले, ड्यूटीच्या कपड्यांतच. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना खिडकीतून एक कागदी पुडकं आत टाकलं आणि मागे न बघता ऑफिसकडे गेले. आत बर्थखाली सामान बांधायची साखळी आणि कुलूप होतं. हॉस्टेलात लॉकर देतात, कुलूप आपलं आपल्याला न्यावं लागतं, हे मला काठमांडूला कळलं. तेच कुलूप तिन्ही फेऱ्यांत वापरलं. तूही स्टेशनसमोरच्या दुकानातून घे, आकड्यांचं नको, किल्लीचं घे, आणि एक किल्ली घरी ठेवून जा.